रेडिएटर, ॲल्युमिनियमचा : गळती व दुरुस्ती

अंतर्ज्वलन-एंजिनात निर्माण होणारी जादा उष्णता पाण्याच्या किंवा अन्य शीतनद्रवाच्या द्वारे बाहेरच्या हवेत सोडून देणाऱ्या साधनाला रेडिएटर म्हणतात. ‘रेडिएटर’ या शब्दाचा अर्थ ‘प्रारण करणारा’ असा असला, तरी त्यातून जाणारी बहुतेक उष्णता प्रारणाने न जाता हवेच्या प्रवाहाबरोबर संनयनाने जाते. मोटारगाड्या, मालट्रक, ट्रॅक्टर, जनित्रसंच इत्यादींच्या रेडिएटरांत पूर्वी तांबे व पितळ यांचा वापर होत असे. आता ॲल्युमिनियमाचा वापर सार्वत्रिक होत चालला आहे. धातू बदलल्यामुळे गळतीची कारणे बदलली आणि दुरुस्तीची जुनी रीतही निरुपयोगी ठरली. लहान गळती थोड्या खर्चात घरच्या घरी बंद करता येते. परंतु ती का झाली हे न पाहता केवळ भोक बुजविल्यास तीच गळती दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सुरू होते.

रचना व कार्य : इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा सु. एक तृतीयांश भाग शीतन-यंत्रणेतून बाहेर टाकावा लागतो [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून तापलेले शीतनद्रव पंपाच्या साहाय्याने रेडिएटरात येते. रेडिएटरात दोन बाजूंस दोन टाक्या व त्यांना जोडणाऱ्या अनेक चपट्या नळ्या असतात. नळ्यांच्या दरम्यान नागमोडी घडीचे अतिशय पातळ पत्रे बसविलेले असतात. त्यांना पंख म्हणतात. नळ्या व पंख मिळून होणाऱ्या भागास कारागीर ‘जाळी’ म्हणतात. नळ्यांची टोके ज्या पट्टीत बसविलेली असतात, ती शीर्षपट्टी होय. ॲल्युमिनियमाच्या रेडिएटरात नळीच्या भिंतीची जाडी सर्वसाधारणपणे ०·२ ते ०·४ मिमी., तर पंखांची जाडी ०·१ मिमी. किंवा त्याहून कमी असते. बहुसंख्य गाड्यांत टाक्या काचतंतुमिश्रित नायलॉनाच्या असून त्या शीर्षपट्टीवर रबरी गॅसकेट ठेवून पट्टीच्या कडा दुमडून घट्ट बसविलेल्या असतात.

रेडिएटराचे झाकण ही केवळ बूच नसून दाबनियंत्रक झडप असते. ती आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारणतः ०·९ ते १·१ किग्रॅ./चौ. सेंमी. इतका अधिक राखते. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर असल्यामुळे तेथे उघड्या भांड्यातील पाणी सु. ९८·५° से.ला उकळते, झाकण नीट असेल तर रेडिएटरातील पाणी सु. ११७° ते १२०° से.पर्यंत उकळत नाही. गळतीमुळे किंवा झाकण सैल झाल्यामुळे दाब टिकला नाही, तर ही सुमारे २०° से.ची सवलत नाहीशी होते.

रेडिएटराची क्षमता शीतनद्रव व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतनद्रव ९५° से.ला असेल, तर २५° से. तापमानाच्या हवेत हा फरक ७०° असतो, ४२° से.च्या हवेत तो ५३° वर येतो. म्हणजेच अन्य परिस्थिती तीच असता रेडिएटराची क्षमता सु. एक चतुर्थांशाने घटते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे थंड प्रदेशात दुर्लक्षिली तरी चालेल अशी किरकोळ गळती किंवा अंशतः चोंदलेली जाळी येथे एंजिन तापण्यास पुरेशी ठरते.

ऐतिहासिक आढावा : सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई व चालकाला ते वारंवार भरावे लागे. डाइमलर कंपनीचे अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०० मध्ये ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी मधुकोश रेडिएटर तयार केला. त्यात सु. ८,००० आखूड चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या होत्या. त्यानंतर सु. सात दशके तांबे-पितळेचे रेडिएटर प्रचारात होते. १९७० नंतरच्या दशकात इंधन-बचतीसाठी गाड्यांचे वजन कमी करण्याची निकड भासली आणि यूरोपात ॲल्युमिनियमाची जाळी व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर वापरात आले.

तांब्याची उष्णता-संवाहकता ॲल्युमिनियमाच्या दीडपटीहून अधिक आहे. मात्र तांब्याची घनता ८·९६, तर ॲल्युमिनियमाची केवळ २·७ ग्रॅ./घ. सेंमी. आहे. शिवाय जुन्या रेडिएटरांतील नळ्या पितळेच्या असत व त्या शिसे-कथिलाच्या डाखाने जोडलेल्या असत. पितळ व डाख या दोहोंची संवाहकता तांब्याच्या मानाने बरीच कमी असते. ॲल्युमिनियमाच्या नळ्या व पंख एकाच जातीच्या धातूचे असल्याने, तसेच नळ्या रुंद करता आल्याने, वजन बरेच घटूनही तेवढेच शीतन साधता आले.

नळ्या व पंख जोडण्यासाठी ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा पातळ थर असलेले पत्रे वापरतात. पोटॅशियम फ्लुओरोॲल्युमिनेट या अभिवाहाचा लेप देऊन संपूर्ण जाळी नायट्रोजनाच्या वातावरणात सु. ६००° से.पर्यंत तापविली म्हणजे हा थर वितळतो व सर्व सांधे एकाच वेळी जुळून येतात. या क्रियेस ब्रेझिंग म्हणतात. ॲल्युमिनियम स्वतः ६६०° से.ला वितळते; म्हणजे सांधा वितळण्याचे व मूळ धातू वितळण्याचे तापमान यांत फारच थोडे अंतर असते. कारखान्यातील नियंत्रित भट्टीत जे साधते ते गॅसच्या ज्योतीने साधणे अवघड जाते, त्याचे कारण हेच.

जुनी दुरुस्ती व तिची मर्यादा : तांबे-पितळेच्या रेडिएटरास भोक पडल्यास ती जागा घासून, अभिवाह लावून त्यावर डाख देत. शिसे-कथिलाचा डाख १८३° से.च्या आसपास वितळू लागतो, तर तांबे व पितळ ९००° से.च्याही वर वितळतात. त्यामुळे साध्या हत्यारांनी भक्कम काम होई. टाकी उघडून नळ्यांतून सळई घालून आतील क्षार काढणे आणि निकामी जाळी बदलून नवी बसविणे हीही नित्याची कामे होती. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यासारख्या रहदारीच्या मार्गांवर हा व्यवसाय अनेक दुकानांतून चाले.

ॲल्युमिनियमाला हा डाख चिकटत नाही. धातूचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा थर तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या काही पटींइतकीच असली, तरी तो चिवट असतो आणि सु. २,०५०° से.पर्यंत वितळत नाही. घासून काढला तरी तो क्षणार्धात पुन्हा तयार होतो. वितळलेला डाख या थरावर पाण्याच्या थेंबासारखा गोळा होऊन घरंगळतो. ॲल्युमिनियमाचे संरक्षण करणारा हा थरच त्याच्या दुरुस्तीतील मुख्य अडथळा ठरला आहे. परिणामी अनेक दुकानांत दुरुस्तीऐवजी संपूर्ण रेडिएटर बदलण्याची प्रथा पडली.

गळतीची कारणे : (१) आतून होणारे संक्षारण : क्लोराइडयुक्त पाण्याने ऑक्साइडाचा थर जागोजागी फुटतो व त्या बिंदूंवर सूक्ष्म खड्डे पडून ते भिंतीच्या आरपार जातात. शीतन-यंत्रणेत पितळेचे किंवा तांब्याचे भाग असल्यास त्यांच्यातील तांब्याचे आयन पाण्यात उतरून ॲल्युमिनियमावर बसतात व तेथे सूक्ष्म विद्युत् घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियमाची झीज होते. ॲल्युमिनियम तीव्र अम्ल व तीव्र अल्कली अशा दोहोंत विरघळते; म्हणून शीतनद्रव फार अम्लीय वा फार अल्कधर्मी होणे अपायकारक असते.

(२) क्षारांचा थर : सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असून तेथील जमिनीखाली दख्खन ट्रॅपचा काळा पाषाण आहे. अशा प्रदेशातील विहिरींच्या व विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे आढळतात. असे दुष्फेन (जड) पाणी तापले म्हणजे कार्बोनेटांचा पांढरा थर नळ्यांच्या आत बसतो. गळती असलेल्या रेडिएटरात रोज नवे पाणी भरावे लागते व प्रत्येक वेळी नवे क्षार आत जातात. उदा., लिटरमागे ४०० मिग्रॅ. क्षार असलेले पाणी रोज एक लिटर याप्रमाणे १०० दिवस भरल्यास ४० ग्रॅ. क्षार यंत्रणेत शिरतात व त्यांपैकी बराच भाग आतच साचतो. थर बसल्याने एंजिन अधिक तापते, दाब वाढतो व गळती अधिकच वाढते. गळती व क्षार ही अशा रीतीने एकमेकांस पोसतात.

(३) यांत्रिक कारणे : रस्त्यावरील खडा लागणे, एंजिनाच्या व चौकटीच्या कंपनांमुळे नळी शीर्षपट्टीपाशी तडकणे, आधाराचे रबर झिजणे, उष्णतेने कडक झालेली प्लॅस्टिकची टाकी चिरणे आणि तिच्याखालचे गॅसकेट आक्रसणे ही नेहमीची कारणे होत. उसाच्या गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथ गतीने पूर्ण भाराखाली चालतात. जाळीत धूळ व पाचटाचे तुकडे अडकून हवेचा मार्ग बंद होतो आणि रेडिएटर वारंवार कमाल तापमानाला जातो.

गळतीचे निदान : पाणी कमी होते म्हणजे रेडिएटरच फुटला असे नव्हे. रबरी नळ्यांच्या टोकांवरील क्लिपा सैल होणे, नळीला चीर जाणे, झाकणाचे रबर कडक होणे किंवा पाण्याच्या पंपाचे सील झिजणे या गोष्टी आधी तपासाव्यात. त्यांची दुरुस्ती अगदी अल्प खर्चात होते. बाहेर कोठेही ओल नसताना पाणी कमी होत असेल, धुराड्यातून सतत पांढरी वाफ येत असेल, एंजिन-तेल दुधाळ झाले असेल किंवा चालू एंजिनाच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, तर दोष हेड गॅसकेटमध्ये असण्याचा संभव असतो. तेथे रेडिएटराची दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

रेडिएटराच्या गळक्या जागी वाळलेल्या पाण्याचा पांढरा किंवा शीतनद्रवाचा हिरवट, तांबूस डाग दिसतो. नक्की जागा शोधण्यासाठी रेडिएटर काढून त्याची तोंडे बंद करतात, तो पाण्याच्या हौदात किंवा मोठ्या टपात बुडवितात व सायकलच्या पंपाने आत हवा भरतात. बुडबुडे जेथून येतात तेथे खूण करतात. हवेचा दाब झाकणावर छापलेल्या आकड्यापेक्षा अधिक होऊ देत नाहीत. अधिक दाबाने चांगले सांधेही निखळतात. म्हणून दाबमापक असलेला पंप वापरणे इष्ट असते.

धोके : गरम एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली ११५° से.ला असलेले १० लि. पाणी अचानक उघडे पडल्यास त्यांपैकी सु. २८० ग्रॅ. पाण्याची तत्काळ वाफ होते व ती साडेचारशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. ही वाफ उरलेल्या उकळत्या पाण्यासह झाकणातून उसळते व चेहरा, मान व हात गंभीररीत्या भाजतात. वरची रबरी नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबणे हाच सुरक्षित मार्ग होय. विजेवर चालणारा पंखा एंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी विद्युत् घटमालेचे ऋण टोक सोडवितात. शीतनद्रवातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. काढलेले द्रव उघड्या घमेल्यात ठेवल्यास कुत्री, जनावरे व लहान मुले यांना धोका पोहोचतो. ते झाकणाच्या डब्यात भरून ठेवतात व विहिरीजवळ किंवा गटारात ओतत नाहीत.

घरगुती दुरुस्तीच्या पद्धती : (अ) इपॉक्सी लेप : नळीतील सूचिछिद्र किंवा लहान चीर बुजविण्यासाठी ही सर्वांत स्वस्त व भरवशाची पद्धत आहे. इपॉक्सी हे रेझीन व दृढक अशा दोन भागांत मिळते. दोन्ही मिसळल्यावर रासायनिक विक्रियेने ते कठीण बनते. नळगळतीसाठी घरोघरी वापरण्यात येणारी दोन रंगांची मळण्याची लुगदी याच जातीची असते. मात्र सामान्य इपॉक्सीचे बळ ६०°–८०° से.च्या पुढे झपाट्याने घटते. म्हणून वेष्टनावर किमान १२०° से. तापमान सहन होत असल्याचा उल्लेख असलेले, शक्यतो धातूची पूड मिसळलेले इपॉक्सी निवडतात.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : एंजिन पूर्ण गार झाल्यावर द्रव काढून घेतात, रबरी नळ्या व पंख्याच्या जोडण्या सोडवून रेडिएटर बाहेर काढतात. भोकाच्या भोवतालचे २ ते ३ सेंमी. पंख टोकदार पकडीने हलकेच काढून नळी उघडी करतात. एवढे पंख गेल्याने शीतनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवितात, ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने चकाकी येईपर्यंत घासतात व ॲसिटोनाने किंवा थिनरने पुसतात. नंतर त्या जागी बोट लागू देत नाहीत, कारण त्वचेवरील तेलकटपणाही लेप सुटण्यास पुरेसा होतो. नळीची भिंत अतिशय पातळ असल्याने घासताना जोर लावत नाहीत. दाहक सोडा किंवा अम्ल यांनी स्वच्छता करीत नाहीत. ती ॲल्युमिनियमाला खातात व त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

रेझीन व दृढक वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात मिसळून लेप भोकात दाबून भरतात व भोवती किमान १ सेंमी. पसरवितात. तापमान दर १०° से.ने वाढले म्हणजे मिश्रण घट्ट होण्याचा काळ साधारणतः निम्मा होतो. त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात एका वेळी थोडेच मिश्रण कालवावे लागते व काम सकाळच्या गारव्यात केल्यास सोयीचे जाते. लेप २४ तास तसाच ठेवून पुन्हा हौदात दाब-चाचणी घेतात. चाचणीशिवाय रेडिएटर गाडीवर चढविणे म्हणजे केलेले श्रम पणास लावणे होय. द्रव भरताना एंजिन मंद गतीवर चालवून आत अडकलेली हवा निघून जाऊ देतात. पहिल्या काही दिवसांच्या प्रवासात तापमापकाकडे लक्ष ठेवतात व पाण्याची पातळी रोज पाहतात.

(आ) नळी बंद करणे : एखादी नळी लांबवर फाटली असेल, तर ती दोन्ही टोकांशी कापून चिमटतात व टोके इपॉक्सीने बंद करतात. ४० नळ्यांच्या जाळीत एक नळी बंद केल्यास क्षमता सु. अडीच टक्क्यांनी घटते. एक-दोन नळ्यांपर्यंत हे चालते. परंतु अति उष्ण प्रदेशात व जड भाराच्या वाहनांत त्यापुढे जाणे योग्य नाही.

(इ) कमी तापमानाची झाळसळई : जस्त-ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या, पोटात अभिवाह असलेल्या सळया ४००° से.च्या आसपास वितळतात व गॅसच्या ज्योतीने वापरता येतात. ज्योत सळईवर न धरता धातूवर धरतात आणि तापलेल्या धातूच्या स्पर्शाने सळई वितळू देतात. शीर्षपट्टी किंवा ॲल्युमिनियमाची टाकी यांसारख्या जाड भागांवर ही रीत यशस्वी होते. नळ्या इतक्या पातळ असतात की, क्षणभर अधिक उष्णता लागली तरी त्या ढासळतात व शेजारचे मूळ सांधेही सुटतात. प्लॅस्टिकची टाकी जवळ असल्यास ती आधी काढावी लागते. पूर्ण ॲल्युमिनियमाच्या रेडिएटरातील मोठी चीर आर्‌गॉन वायूच्या आवरणाखाली टंगस्टन अग्र वापरून केलेल्या वितळजोडकामाने भक्कम बुजविता येते. मात्र ते काम कर्मशाळेतील कुशल कारागिराचे आहे [⟶ वितळजोडकाम].

(ई) प्लॅस्टिकच्या टाकीची चीर : नायलॉनाला इपॉक्सी नीट धरत नाही. लेप देऊन गाव गाठता येते, पण दाब व कंपने यांमुळे तो बहुधा सुटतो. टाकी व गॅसकेट बदलणे हाच टिकाऊ उपाय होय. शीर्षपट्टीच्या दुमडलेल्या कडा एक-दोन वेळाच उघडता येतात. वारंवार वाकविल्यास त्या तुटतात.

(उ) आतून बुजविणारे पदार्थ : रेडिएटरात हळद टाकून गळती थांबविण्याची युक्ती मालट्रकचालकांत फार परिचित आहे. पाण्यात फुगलेले हळदीचे कण भोकाकडे वाहत जाऊन तेथे अडकतात व गळती तात्पुरती मंदावते. सोडियम सिलिकेटयुक्त व तंतुमय चूर्णाची तयार औषधेही याच हेतूने विकली जातात. परंतु हे पदार्थ भोक व अरुंद मार्ग यांत भेद करीत नाहीत. ॲल्युमिनियमाच्या चपट्या नळ्यांतील मार्ग मुळातच अरुंद असतो; आधीच क्षारांचा थर असल्यास या पदार्थांनी नळ्या कायमच्या चोंदतात. निर्जन रस्त्यावर अडकले असता हा उपाय केल्यास मुक्कामी पोहोचताच संपूर्ण यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी लागते.

वाटेतील तात्पुरते उपाय : गळती लक्षात येताच एंजिन बंद करून गार होऊ देणे हे पहिले काम होय. गार झाल्यावर पाणी भरून, तापमापकाचा काटा चढू लागताच पुन्हा थांबून, टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास सिलिंडरशीर्षास तडा जाण्याची भीती असते. झाकण सैल ठेवून दाब कमी केल्यास गळती मंदावते हे खरे. परंतु पाणी १००° से.च्याही खाली उकळू लागते. रेडिएटरातील भोकाने होणारे नुकसान मर्यादित असते; पाण्याविना चालविलेल्या एंजिनाचे सिलिंडरशीर्ष वाकते, दट्ट्या सिलिंडरात घट्ट बसतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या रेडिएटराच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो. ऐन गाळप हंगामात ट्रॅक्टर असा बंद पडल्यास तोडलेला ऊस शेतातच वाळून त्याचे वजन घटते व शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते.

प्रतिबंध : सोलापूरसारख्या प्रदेशात पाणी गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून गोठणरोधक द्रव अनावश्यक आहे असा समज होतो. वस्तुतः त्याचे दोन गुण येथेही महत्त्वाचे आहेत. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या दाबाखाली सु. १०७° से. असतो. तसेच त्यात मिसळलेली संक्षारणरोधके ॲल्युमिनियमावरील संरक्षक थर टिकवून धरतात. द्रव तीव्र असल्यास ते ऊर्ध्वपातित किंवा निर्लवण केलेल्या पाण्यात मिसळतात. विंधन विहिरीचे पाणी वापरीत नाहीत. संक्षारणरोधके हळूहळू संपतात. म्हणून निर्मात्याच्या सूचनेनुसार, सर्वसाधारणपणे २ ते ५ वर्षांनी, द्रव बदलावे लागते. निरनिराळ्या जातींची द्रवे एकमेकांत मिसळू नयेत. रंग सारखा असला तरी घटक सारखे असतीलच असे नाही.

जाळीतील धूळ व पाचट एंजिनाच्या बाजूकडून बाहेर अशा दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतात. जोराच्या फवाऱ्याने पंख वाकतात. झाकणाचे रबर, नळ्यांच्या क्लिपा व आधाराची रबरे हंगामापूर्वी तपासल्यास बरीचशी गळती टळते.

दुरुस्ती की बदल : एक-दोन ठिकाणची, बाहेरून दिसणारी व बाह्य आघाताने झालेली गळती दुरुस्त करणे फायद्याचे असते, असा रेडिएटर पुढे अनेक वर्षे चालू शकतो. एकाच वेळी अनेक नळ्यांत सूचिछिद्रे दिसली, पंख हाताने चुरगळू लागले किंवा नळ्यांची तोंडे क्षारांनी भरलेली आढळली, तर संक्षारण सर्वत्र पसरले आहे असे समजावे. तेथे एक भोक बुजविल्यास काही दिवसांत दुसरे पडते. रेडिएटर बदलणेच अंती स्वस्त पडते. निकामी झालेला ॲल्युमिनियमाचा रेडिएटर भंगारात विकता येतो. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम तयार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सु. पाच टक्के ऊर्जेत भंगार वितळवून पुन्हा वापरता येते. मात्र नवा रेडिएटर बसविल्यावर त्यात पुन्हा जुनेच जड पाणी भरल्यास त्याचीही तीच अवस्था होते. म्हणून यंत्रणा आतून धुऊन योग्य शीतनद्रव भरणे हा दुरुस्तीचाच अखेरचा व आवश्यक टप्पा मानतात.